गडगडलं की आत

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर पंखा लावण्यापूर्वी डहाणूच्या दिशेला तोंड करून हात जोडत. मी नव्याने रुजू झाले होते, त्यामुळे मला वाटलं, माणूस देवभोळा असेल. मग कळलं की तिकडे समुद्रकाठी थर्मल वीजकेंद्र आहे आणि सर तिथे जळणाऱ्या कोळशाला नमस्कार करतात. "बाई, तुम्हाला घाम येऊ नये म्हणून तिकडे कोणीतरी जळतंय. निदान विचारून तरी जाळावं." असं म्हणून ते बटण दाबत आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असे. मग कोळशाने परवानगी नाकारली असं जाहीर करून ते शांतपणे पेपर तपासायला बसत. मी डहाणूची, थर्मलचं धुराडं बघत लहानाची मोठी झालेली, पण त्याला कोणी नमस्कार करावा हे काही माझ्या मनात आलं नव्हतं.

मी २०१४ च्या जूनमध्ये त्या शाळेत गेले. तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला, पहिली ते आठवीची शाळा. चार खोल्या स्लॅबच्या, पुढे व्हरांडा, पुढे मोकळं मैदान, मैदानाच्या कडेला दोन मोठी झाडं. मुलं आसपासच्या पाड्यांवरची. आईबाप शेती करणारे, शेती नसेल तेव्हा मजुरीला गुजरातेत जाणारे. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. सर मूळचे झाईचे. घरची होडी होती, आई बाजारात मासळी विकायला बसायची. आठवडाभर ते शाळेजवळ एक खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी एसटी पकडून घरी जात. सोमवारी परत येताना पिशवीत सुके बोंबील आणत, आणि आमच्या स्टाफरूमला मंगळवारपर्यंत त्याचा वास येत असे.

डबा उघडला की त्यांचं सुरू व्हायचं. "हे काय आहे?"

समोरचा मुलगा म्हणायचा, "बोंबील."

"बोंबील कशावर वाढला?"

"बारक्या माशांवर."

"बारके मासे?"

"पाण्यातल्या शेवाळावर."

"आणि शेवाळ?"

"उन्हावर!" अख्खा वर्ग ओरडायचा.

"शेवटी काय?"

"शेवटी ऊनच!"

हा खेळ सरांना पुरत नसे. खिचडी, बैलगाडी, पेट्रोल, शिक्षकांचा राग, सगळ्याला मागे मागे नेत ते उन्हापाशी आणून सोडत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पाचवीतल्या मुलीला विचारलं, "माझी गाडी कशावर चालते?" ती म्हणाली, "उन्हावर." साहेब हसले, म्हणाले, "अगं, डिझेलवर चालते." मुलगी म्हणाली, "तां पण जुनां ऊनच हाय." साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. कौतुक झालं की त्यांचे कान लाल होत, एरवी चेहऱ्यावर काही दिसत नसे.

पृथ्वीचं अंतरंग ते चिकूने शिकवत. आमच्या डहाणूला चिकूंची काय कमी, ते मला एक पिशवी आणायला लावत. साल म्हणजे कवच, गर म्हणजे प्रावरण, बी म्हणजे गाभा. पुस्तकात कांद्याचं चित्र होतं ते त्यांना पसंत नव्हतं. "कवच किती पातळ आहे हे पोरांना बोटाला कळलं पाहिजे. कांद्यात ते कळत नाही, डोळ्यांतून पाणी तेवढं येतं." सोलून झालेल्या पृथ्व्या अर्थातच वर्गात खाल्ल्या जात आणि मग पुढचा तास घ्यायला मी जाई तेव्हा सगळ्यांची बोटं चिकट असत. माझ्या कवितेच्या पानांवर ते डाग पुढे कित्येक वर्षं राहिले.

पण सरांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे पत्रा. दाराआड त्यांनी एक पातळ, माणूसभर उंच पत्रा ठेवला होता. दोन्ही हातांनी धरून हलवला की त्यातून हुबेहूब मेघगर्जना निघे. सर तो कधीही वाजवत. परिपाठात, मधल्या सुट्टीत, माझा तास ऐन रंगात आलेला असताना. पत्रा वाजला की मैदानावरच्या प्रत्येकाने धावत स्लॅबच्या खोलीत शिरायचं. झाडाखाली थांबायचं नाही, आभाळ बघत बसायचं नाही, ढग दिसत नाही म्हणून रेंगाळायचं नाही. गडगडलं की आत. तेवढ्यावर भागत नव्हतं. मुलं आत गेली की सर मैदानात उभे राहून गोड आवाजात बोलावत, "या रे आता बाहेर. काही नाही झालं. चिकू देतो." जो बाहेर पडेल त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "तू मेलास." मग त्या मुलाने भिंतीशी मेलेल्यांच्या रांगेत बसायचं. नियमच होता: गडगड थांबून बराच वेळ जाईपर्यंत कोणी बोलावलं तरी बाहेर यायचं नाही. सरांनी स्वतः बोलावलं तरी नाही.

मी एकदा वाचनालयाच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून बाहेर आले तर मलाही म्हणाले, "बाई, तुम्ही मेलात." मी म्हटलं, "सर, मेले तर मेले, पण पुस्तकं कोणीतरी धरा." मुलं पोट धरून हसली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला खरोखर रांगेत बसवलं. मला राग आला होता, आणि तो मी स्वयंपाकाच्या ताईंपाशी काढला. म्हटलं, हा माणूस विज्ञान शिकवतो की सर्कस चालवतो?

ताई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमाला ठावं नाय. तुमी यायच्या आधी सरांच्या वर्गातली एक पोर गेली. बकऱ्या घेऊन गेलेली, पाऊस आला त झाडाखाली उभी रायली. वीज पडली." मग निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतत म्हणाल्या, "विजेचा धडा पुस्तकात मागे व्हता. त्या साली तो शिकवायचा रायला."

सरांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. मात्र त्यानंतर पत्रा वाजला की मी खडू खाली ठेवत असे. दर वर्षी विज्ञानाचा पहिला धडा विजेचाच होई, पुस्तकात तो कुठेही असो. आणि तो धडा शाळेच्या भिंतींपुरता राहिला नाही. मुलांनी घरी जाऊन आईबापांना शिकवला. पाड्यांवर सरकारी योजनेतून विटांची घरकुलं होऊ लागली होती. आभाळ गरजलं की माणसं शेतातून, कुडाच्या झोपडीतून उठून त्यात जाऊन बसू लागली. सरांना याचा अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण कान लाल होत.

२०१८ ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मुलं काहीतरी नवंच सांगत होती. रात्री जमिनीतून आवाज येतो, भांडी वाजतात, कोंबड्या ओरडतात. कोणी म्हणे खाणीतले सुरुंग, कोणी म्हणे धरणाचं पाणी, कोणी म्हणे आणखी काही. सरांनी चिकू मागवले नाहीत. फळ्यावर गोल काढून कवचाला मधेच एक भेग दाखवली आणि भूकंप म्हणजे काय ते शांतपणे सांगितलं. मी त्यांना गमतीने विचारलं, "सर, हे पण शेवटी ऊनच का?" नेहमी तोंडावर उत्तर मारणाऱ्या माणसाने फळ्यावरच्या भेगेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "नाही बाई. ही ऊर्जा पृथ्वीची स्वतःची. हिच्या पोटातली. पोरांना मी सगळं ऊनच म्हणून सांगून बसलोय, ते आता दुरुस्त करावं लागेल." मी हसून विषय सोडून दिला. याहून मोठी दुरुस्ती पुढे येत होती, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शाळेच्या वेळेतला पहिला धक्का त्यानंतर काही दिवसांनी आला. मधली सुट्टी होती. मुलं खिचडी खाऊन मैदानावर खेळत होती, आभाळ स्वच्छ होतं, उन्हं छान पडली होती. आणि एकदम गडगडलं. आमच्याकडच्या धक्क्यांची हीच तऱ्हा होती, आधी आवाज. लांबून नव्हे, पायाखालून, पण कानाला तो ढगाच्या गडगडाटासारखाच लागे. मी व्हरांड्याबाहेर होते. माझ्या डोळ्यांसमोर मैदानावरची सगळी मुलं, एक मूल मागे न राहता, धावत स्लॅबखाली शिरली. इतकी शिस्त पत्र्याच्या वेळीही कधी दिसली नव्हती. मग जमीन हलली. खोल्यांच्या खिडक्या थडथडल्या आणि व्हरांड्यात छताचा एक मोठा पोपडा पडून फुटला.

सर मैदानाच्या टोकाला हात धूत होते. ते ओरडत धावले, "बाहेर या! सगळे बाहेर या!"

एकही मूल बाहेर आलं नाही.

दारात सहावीतली रंजना उभी होती. वर्गात सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारी मुलगी. पहिलीतली धाकटी बहीण तिने पोटाशी धरली होती आणि दुसऱ्या हाताने चौकट धरून दार अडवलं होतं. "नाय सर!" ती आतून ओरडली. "तुमीच सांगलाय, कोणी बोलवला तरी यायचा नाय! तुमी बोलवला तरी नाय!"

"रंजना, हे खरं आहे! बाहेर ये!"

"दर टायमाला तुमी असांच म्हणता!"

आणि ती म्हणत होती ते खरंच होतं. सर तसंच म्हणत. चिकू देतो म्हणत, संपलं म्हणत, खरंच या म्हणत. सरांनी दारात जाऊन तिच्या हाताला धरून तिला ओढलं, बहिणीला उचललं, मग आत शिरून एकेकाला बाहेर लोटलं. मीही लोटत होते. मुलं हसत होती. त्यांना वाटलं, आपण परीक्षा पास झालो. शेवटचं मूल बाहेर आलं तेव्हा जमीन केव्हाच थांबली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सर मैदानात मधोमध बसले, दोन्ही हातांत डोकं धरून. एक चिमुरडी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "सर, आज कोणीच नाय मेला."

त्या दिवशी सरांनी पत्रा स्वयंपाकाच्या ताईंना देऊन टाकला. त्यांनी तो सरपण झाकायला टाकला. संध्याकाळी सर म्हणाले, "बाई, चला माझ्याबरोबर. एकट्याने जायचं धाडस नाही." आम्ही पाड्यावर गेलो. पहिलंच घर रंजनाचं. तिच्या बापाने खाट टाकली, पाणी दिलं. सरांनी विचारलं, रात्री आवाज आला की तुम्ही काय करता?

तो म्हणाला, "काय करायचा? तुमी सांगला तसाच. सगल्यांना उठवतो ने पक्क्या घरात घेतो. म्हातारी कुडाच्या घरात निजते, तिला पन उचलून आणतो."

सरांच्या हातातला पेला तसाच राहिला. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. हलकी कुडाची घरं सोडून माणसं रोज रात्री विटांच्या भिंतींमध्ये जाऊन बसत होती, कारण विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. सर प्रत्येक दारात उभं राहून सांगत होते, "ते विजेसाठी होतं. हे वेगळं आहे. यात बाहेर यायचं, उघड्यावर." लोक मान डोलवत. रंजनाची आजी तेवढी म्हणाली, "मंग तवा खोटा सांगला का आता खोटा सांगतोस?" सर म्हणाले, "दोन्ही खरंच आहे, आजी." म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. परतीच्या वाटेवर सर मला म्हणाले, "पंधरा वर्षं मी बोंबलतोय की पोरं ऐकत नाहीत. ऐकत होती हो, बाई. सगळं ऐकत होती." मला त्यांची फार दया आली.

मग परिपत्रक आलं. धक्का बसल्यास विद्यार्थ्यांनी आपापल्या बाकाखाली अथवा टेबलाखाली आश्रय घ्यावा. आमच्या शाळेत मुलं जमिनीवर बसत. टेबल एकच, मुख्याध्यापकांचं, आणि मुख्याध्यापक चांगले भरलेले. सरांनी मोठ्या गांभीर्याने त्यांना टेबलाखाली जाऊन पाहायची विनंती केली. ते गेले, आणि त्यांना बाहेर काढायला आम्हा तिघांना टेबल उचलावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा मैदानात भरू लागली, आधी झाडाच्या सावलीत, मग सरकारी तंबू आले तेव्हा तंबूत.

नवा नियम सरांनी सोपा केला होता. डोळ्याला दिसलं तर आत, पायाला कळलं तर बाहेर. वीज चमकताना दिसते, धक्का पायाला लागतो. मुलांनी तो दोन दिवसांत पाठ केला. पण अडचण पाठांतराची नव्हतीच. काहीही आवाज झाला की सगळी मुलं आधी सरांच्या तोंडाकडे बघत. सर उठले तर उठत, सर थांबले तर थांबत. सर चिडत. "माझ्याकडे काय बघता? माझ्या तोंडावर लिहिलंय का? शनिवारी मी झाईला असतो, रात्री मी खोलीवर असतो. तेव्हा कोणाकडे बघाल?" मुलं हे सगळंही त्यांच्या तोंडाकडे बघतच ऐकत.

शेवटी त्यांनी मुलांकडे पाठ करून शिकवायला सुरुवात केली. फळा झाडाला टांगलेला, सर फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि मुलं त्यांच्या पाठीकडे बघतात. मी म्हटलं, "सर, नव्या नवरीसारखे लाजता काय?" ते फळ्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी एकदा त्यांना माझं ऐकायला शिकवलं. आता न ऐकायला कसं शिकवतात, ते तुमच्या बी.एड.मध्ये होतं का?" माझ्या बी.एड.मध्ये ते नव्हतं. धक्के येत राहिले, कधी रोज, कधी आठवडा आठवडा नाही. प्रत्येक वेळी मुलं त्या पाठीकडे बघून ठरवत, आणि ती पाठ हलली की उठत. सर खंगले. शनिवारी घरी जाणं त्यांनी कमी केलं. आई तिकडे वाट बघायची, फोन यायचा, ते म्हणत, "पुढल्या आठवड्यात."

२०१९ चा ऑक्टोबर असावा. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमत होते. तंबूत सातवीचा तास चालला होता, धाकटे वर्ग शेजारीच बसले होते. सर बोलता बोलता येरझाऱ्या घालत होते. मी बाहेर उभी राहून ताईंशी दुसऱ्या दिवसाच्या भाजीचं बोलत होते. आभाळ काळं झालं होतं. आणि गडगडलं.

सर जागच्या जागी वळले. पाठ करून उभं राहण्याचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. त्यांनी त्या काळ्या आभाळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आत!" ते ओरडले. "आत पळा! शाळेत!"

मुलं उठली. धाकटी तर लगेच धावत सुटली, काही व्हरांड्याची पायरी चढलीसुद्धा. रंजना बसल्या जागी होती. जमिनीवर दोन्ही तळवे टेकलेले.

"नाय सर," ती म्हणाली. "खालून आला."

"रंजना, आत चल!"

"चमकला नाय. खालून आला."

सर तिच्या अंगावर धावून गेले. मी त्यांना त्या मुलांवर हात उगारताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी त्यांचा हात वर गेला होता. "मी सांगतोय ना तुला! ऊठ!"

रंजना रडायला लागली. पण उठली नाही. हुंदके देत म्हणाली, "तुमी चालत व्हतात सर. तुमाला कसां कळेल? आमी बसलोय. आमाला लागला." मग मागे वळून वर्गाला म्हणाली, "बसा. कोणी जायचा नाय." अर्धा वर्ग उभा होता. ती मुलं एकदा तिच्याकडे, एकदा सरांकडे बघत राहिली. मग एकेक करून खाली बसली. सरांना सोडून.

सरांचा हात खाली आला. मग ते रंजनाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि तिने ठेवले होते तसे दोन्ही तळवे त्यांनी जमिनीवर ठेवले. मीही बसले. ताई बसल्या. थोड्याच वेळात जमिनीतून तो आवाज पुन्हा आला आणि या वेळी तळहाताखाली माती थरथरली. शाळेच्या खिडक्या वाजल्या.

"बरोबर," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ते पुन्हा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." शाबासकी द्यायला त्यांनी मान वळवली. रंजना त्यांच्याकडे बघत नव्हती. नाक पुसत ती उठली होती आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिलेल्या धाकट्यांना दोन्ही हातांनी बाहेर बोलावत होती, आणि ती पोरं येत होती.